पाट झालेली स्विफ्ट आणि उद्यमनगरातला ओळंबा

गॅरेजला पाटी नाही, त्यामुळं नाव काय लिहायचं इथंच पहिला घोळ. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत डाव्या हाताला पॅटर्नवाल्याचं शेड, उजव्या हाताला गिअर कटिंग आणि मधे निळं शटर. आजूबाजूचे ‘मिस्त्रींकडं’ एवढंच म्हणतात, आणि उद्यमनगरात दर दहा फुटांवर एक मिस्त्री असतो. तरीपण शोधत जावं असं काम आहे, म्हणून लिहितोय. गाडी खाली घेतलेली (म्हणजे मुद्दाम जमिनीजवळ आणलेली) असेल आणि पुढचे टायर आतनं खाल्ले जात असतील तर हे तुमच्यासाठी. गाडी कंपनीतनं आली तशीच असेल तर एवढ्या उठाठेवीची गरज नाही, जवळच्या दुकानात अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा आणि निवांत ऱ्हावा.

माझी २०१२ ची स्विफ्ट झेडडीआय. तेराशेचं डिझेल, पंधरा इंची चाकं. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यानं केलेल्या कामात मिलिमीटरच्या दोन शतांशाची चूक काढायची आणि महिन्याला पगार घ्यायचा. असल्या माणसानं स्वतःची गाडी मात्र लांबनं बघत, ‘अजून जरा खाली, अजून जरा’ करत डोळ्यांच्या मापानं खाली घेतली. हे आमच्या कंपनीत कुणाला सांगू नका.

दिवाळीच्या बोनसात भर घालून ५२ हजारांचं कॉइलओव्हरचं किट घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शॉकअपच्या नळीवर बाहेरनं आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंग ज्या वाटीवर बसते ती वाटी त्या आट्यांवर फिरते. हुक पान्यानं वाटी खाली घेतली की गाडी खाली, वर घेतली की वर, मग खालनं चेकनट आवळायची. मागं स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे, तिथं स्प्रिंगखाली आट्यांचा वेगळा तुकडा येतो. किट वाईट नाही, अजून तेच गाडीत आहे. ज्यांनी बसवलं त्यांचं नाव घेत नाही, कोल्हापूर लहान आहे. काचेचं ऑफिस, एसी, थ्रीडी अलाइनमेंटचं मशीन, सगळं चकाचक. पोरांनी दोन-अडीच तासांत किट चढवलं, गाडी जमिनीवर टेकवली आणि लगेच मशीनवर घेतली. कागद हातात आला. टो (वरनं बघितलं तर चाकं पुढं आत-बाहेर किती वळलीत) हिरवा, कॅस्टर (स्टेरिंगच्या आसाचा पुढं-मागं कल) हिरवा, कॅम्बर (समोरनं बघितलं तर चाकाचा माथा आत-बाहेर किती झुकलाय) दोन्हीकडं लाल. हिरवा म्हणजे मापात, लाल म्हणजे मापाबाहेर. विचारलं तर म्हणाले, “ह्या गाडीला कॅम्बर अॅडजस्ट होत नसतो सर, लोअर केली की एवढा येतोच.” सर म्हटलं की माणूस विरघळतो. मी पैसे देऊन निघालो.

पहिले पंधरा दिवस राजारामपुरीतनं जाताना रस्त्याकडं कमी आणि दुकानांच्या काचांकडं जास्त लक्ष. गाडी दिसत होतीच तशी. घरात मात्र कुणी कौतुक केलं नाही. अण्णांचा गुडघा दुखतो. पहिल्यांदा बसताना दरवाजा धरून ते खाली, अजून खाली, अजून खाली गेले आणि टेकल्यावर म्हणाले, “गाडी घेतलीस का पाट?” तेव्हापासनं आमच्याकडं गाडीचं नाव पाट. बायको म्हणाली, “मी न्हाई बसत ह्यात, रिक्षानं जातो.” आईचा प्रश्न नव्हता, पण कळंब्याकडच्या एका स्पीडब्रेकरला तिला अलीकडं उतरवून पलीकडं परत बसवायला लागायचं. चौघं बसली की खालनं घासायचीच. भारतीय रोड काँग्रेसच्या नियमावलीत स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे मोठा ऐसपैस उंचवटा सांगितलाय. आमच्याकडं गल्लीतली पोरं रात्रीत डांबराचं वरवंटं टाकतात. स्विफ्टचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. त्यातनं पन्नास गेले, उरले १२०. माणसं बसल्यावर किती ते मोजायचं धाडस झालं नाही.

मग गाडी उजवीकडं ओढायला लागली. आपल्याकडं उजवीकडं म्हणजे समोरनं येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरच्या दिशेनं. स्टेरिंग सोडलं की हळूहळू तिकडं सरकायची. खड्ड्यात चाक गेलं की स्टेरिंग हातात वळवळायचं. मी म्हटलं टायरची हवा असेल, रस्ता असेल, काहीतरी असेल. सात हजार किलोमीटर झाले आणि एकदा पंक्चर निघाली. पंक्चरवाल्यानं पुढचं डावं चाक खोललं, आतली बाजू वर करून माझ्यासमोर टाकलं आणि काही बोललाच नाही. बाहेरच्या अंगाला पाच मिलिमीटर नक्षी शिल्लक, आतल्या अंगाला टायर गोटा, आणि एका ठिकाणी तार बाहेर. नक्षी १.६ मिमीवर आली की टायर बदलायचा असतो, त्यासाठी खाचेत उंचवटा दिलेला असतो. माझा आतला उंचवटा कधीच झिजून गेला होता. उभं राहून बघितलं तर टायर नवा दिसत होता. तसल्या टायरवर मी आदल्या आठवड्यात पुण्याला जाऊन आलो होतो.

आमच्या टूलरूममधल्या एकानं ह्या मिस्त्रींचा पत्ता दिला. जाताना एकच सांगितलं, “त्यांना शिकवायला जाऊ नको.”

मिस्त्री साठीच्या आसपासचे. पाना आवळून आवळून उजव्या हाताचा अंगठा बाहेर वळलेला. गाडी आत घेतल्यावर टायरकडं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या मडगार्डवर हात ठेवून तीनदा दाबलं, सोडलं, ऐकलं.

“किती खाली घेतलासा?”

“पन्नास असंल.”

“असंल म्हंजे? टेप लावलासा का न्हाई?”

क्वालिटीतल्या माणसाला हा प्रश्न. मी गप्प.

त्यांनी टेप लावला तो जमिनीपासनं नाही, चाकाच्या मधापासनं वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासनं मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात घुसते. चाकाच्या मधापासनं मोजलं की नुसती स्प्रिंग किती बसली ते कळतं. डावीकडं ३२६, उजवीकडं ३३४. एकाच गाडीत आठ मिलिमीटरचा फरक, आणि मी चार महिने तीच चालवत होतो. मूळ उंची कुठं माहीत होती? मेव्हण्याकडं जशीच्या तशी स्विफ्ट आहे, त्याला फोन करून टेप लावायला सांगितला. ३७८. म्हणजे पन्नास नाही, डावीकडं बावन्न आणि उजवीकडं चव्वेचाळीस.

ह्यापुढचं काम बघायला मी दोन दिवस रजा टाकली. बायकोला कंपनीचं ऑडिट आहे असं सांगितलं.

मिस्त्रींच्या फरशीवर रंगानं चार चौकोन आखलेत. गवंडी घराची पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तसलीच नळी घेऊन त्यांनी चारही चौकोनांची पातळी काढून ठेवलीय. मागचा डावा चौकोन तीन मिमी खाली आहे म्हणून तिथं कायमचा पत्रा टाकलाय. पुढच्या दोन्ही चाकांखाली दोन दोन पत्रे, मधे ग्रीस. मशीनवाल्यांकडं फिरत्या थाळ्या असतात त्याचं हे उद्यमनगरी रूप. गाडी खाली टेकवली की चाकं बाहेर पसरायला बघतात. खाली खरखरीत फरशी असली तर ती अडकतात आणि माप खोटं येतं. ग्रीसवर हवी तशी सरकतात. चारही टायरांत हवा सारखी, टाकी अर्धी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाचं म्हणून ओतीव लोखंडाची दोन कास्टिंगं, ७२ किलो. कास्टिंगं रिजेक्ट होती. एकावर ब्लोहोल (ओतताना हवेनं पडलेलं छिद्र) स्पष्ट दिसत होतं, आणि खडूची फुली बघून मला शंका आली की ती मीच मारलेली असणार.

आता उंची. मी म्हणत होतो निदान चाळीस तरी खाली राहू दे. मिस्त्रींनी मला टॉर्च दिली आणि गाडीखाली घातलं. “लोअर आर्म बगा. हिकडनं तिकडं कसा चाललाय?”

कंपनीच्या उंचीला हा आर्म, म्हणजे चाकाला खालनं गाडीशी जोडणारा दांडा, आतनं बाहेर जाताना खाली उतरता असतो. माझा उलटा, बाहेरचं टोक वर गेलेलं. एवढ्या एका गोष्टीत माझ्या सगळ्या तक्रारी होत्या. आर्म उतरता असतो तोवर चाक वर उचललं गेलं की आर्मचं टोक बाहेर सरकतं, चाकाचा पाय बाहेर जातो आणि वळणावर टायर रस्त्याला नीट चिकटतो. आर्म आडवा होऊन पुढं गेला की तेच टोक आत यायला लागतं. मग वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक पाय आत ओढून घेतं, नेमकं जेव्हा भार त्याच्यावर असतो तेव्हा. आणि टाय रॉड (स्टेरिंगकडनं चाक वळवणारा दांडा) एका कमानीत फिरतो, आर्म दुसऱ्या कमानीत. कंपनीच्या उंचीला ह्या दोन्ही कमानी जवळपास जुळवलेल्या असतात. माझ्याकडं त्या फाकल्या होत्या, म्हणून प्रत्येक खड्ड्याला चाक थोडं वळायचं आणि स्टेरिंग वळवळायचं.

वर आणखी एक. गाडी कडक झालीय म्हणजे स्प्रिंग कडक आहे, असं मी चार महिने मित्रांना अभिमानानं सांगत होतो. प्रत्यक्षात स्प्रिंगला खाली जायला जागाच उरली नव्हती, गाडी दर खड्ड्याला आतल्या रबराच्या ठोकळ्यावर आपटायची. आणि वाटी इतकी खाली घेतलेली की चाक लोंबकळलं की स्प्रिंग ढिली पडून वाटीत खडखडायची. स्पीडब्रेकर उतरताना येणारा तो आवाज मी लिंक रॉडचा समजत होतो.

“अठ्ठावीस,” मिस्त्री म्हणाले. म्हणजे ३५० मिमी. “त्याच्या खाली न्यायची आसंल तर दुसरीकडं न्या.”

मी अठ्ठावीसला हो म्हटलं. मनातनं जरा हिरमुसलो होतो, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी चारही वाट्या फिरल्या. आट्यांत चार महिन्यांचा चिखल होता, तारेच्या ब्रशनं साफ केल्याशिवाय वाटी हलेना. प्रत्येक वेळी गाडी खाली टेकवायची, पुढंमागं ढकलायची, दाबायची, मग मोजायचं. डावीकडं दोन आटे फिरवले की उजवीकडचं माप पण हलतं, कारण गाडी टेबलासारखी चार पायांवर उभी असते. संध्याकाळी सातला पुढं दोन्हीकडं ३५० आणि मागं ३५२ जुळलं.

दुसऱ्या दिवशी मी अकराला पोचलो तर गाडी घोड्यांवर (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), आणि आर्मचे बुश ढिले करून ठेवलेले. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि पहिल्या दुकानानं नेमका हाच केला नव्हता. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांत भरलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पक्की होते, मग आर्म हलतो तो रबराला पीळ देऊन. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकल्यापासनं रबर कायम पिळलेलं राहतं. ते गाडीला वर ढकलत राहतं, आणि पुढच्या काही महिन्यांत फाटतं. म्हणून त्या दुकानातनं बाहेर पडल्यावर माझी गाडी आठवडाभर हळूहळू खाली बसत गेली होती आणि टो सगळा बदलला होता. मशीनचा कागद खोटा नव्हता. त्या पंधरा मिनिटांपुरता अगदी खरा होता. मिस्त्रींनी गाडी भारावर टेकवून, खाली झोपून बोल्ट आवळले. उजवा बुश फाटायला लागलाच होता, तो बदलला.

दुपारी कॅम्बर बोल्ट यायचे होते, ते आले नाहीत. तो दिवस तिथंच संपला. चार वेळा चहा झाला.

तिसऱ्या दिवशी ओळंबा निघाला. पितळी, गवंड्याचा असतो तसा, पण टोक लेथवर नव्यानं काढलेलं. वरनं दोरी सोडायची आणि रिमच्या वरच्या कडेपासनं दोरी किती, खालच्या कडेपासनं किती, एवढंच मोजायचं. चाकाचा माथा आत झुकलेला असला तर वरचं माप जास्त येतं, तो उणे कॅम्बर. माझ्या रिमची कड ते कड ४१५ मिमी भरते, म्हणजे एक अंशाला साधारण सव्वासात मिमी. मिस्त्रींना अंश तोंडपाठ नाहीत, त्यांच्याकडं रिमच्या इंचाप्रमाणं मिलिमीटर लिहिलेला पुठ्ठा आहे, काळाकुट्ट झालेला. मी कंपनीतनं डिजिटल प्रोट्रॅक्टर आणला होता, परवानगी घेऊन. (घेतली होती.) त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला, लावू दिला. उंची नीट व्हायच्या आधी मी घेतलेलं माप: डावं चाक उणे २ अंश १० मिनिटं (साठ मिनिटांचा एक अंश), उजवं उणे १ अंश २० मिनिटं. गाडी नेहमी कमी झुकलेल्या चाकाच्या बाजूला ओढते, म्हणून उजवीकडं. नुसती उंची सारखी केल्यावर डावं उणे १ अंश ३५ आणि उजवं उणे १ अंश १० वर आलं. कॅम्बरला हातही न लावता पन्नास मिनिटांचा फरक पंचवीसवर.

राहिलेलं बोल्टानं. शॉकअपचा खालचा कान चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याला) दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्यातला वरचा काढून त्याजागी मधे लंबगोल फुगवटा असलेला बोल्ट घालायचा. तो फिरवला की नकल आत किंवा बाहेर ढकलला जातो. दीड-पावणेदोन अंश सहज मिळतात. ‘अॅडजस्ट होत नसतो सर’ म्हणजे हे. सोळाशे रुपयांची जोडी.

मी म्हटलं, मिस्त्री, दोन अंश ठेवला तर घाटात बरं नाही का? पोरं तर चार-पाच ठेवतात.

“पैलवान पाय फाकून हुबा ऱ्हातो कुस्तीत,” ते म्हणाले, “बाजारला जाताना न्हाय.”

खासबाग मैदानाच्या गावात ह्यावर काय बोलणार? एक अंश ठेवला. त्यांच्याकडं मी असताना दोन पोरं चाकं फाकवून मागायला आली होती, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

टो सगळ्यांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मधाच्या उंचीवर ताणलेली नायलॉनची दोरी, दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर, आणि पट्टीनं रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासनं अंतर. माझा टो एकूण सहा मिमी बाहेर होता, म्हणजे एका चाकाला तीन. ऐकायला काहीच वाटत नाही. घरी येऊन हिशेब केला: ४१५ ला तीन म्हणजे चाक दर किलोमीटरला सव्वासात मीटर आडवं घासत जातं. कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटर धरा, दीड किलोमीटरहून जास्त टायर नुसता फरफटलाय. मी इतके दिवस कॅम्बरला शिव्या देत होतो. कॅम्बरनं भार आतल्या कडेवर आणून ठेवला आणि टोनं ती कड किसली. कॅम्बर एकटा असता तर टायर एवढ्या लवकर गेला नसता. आता टो एकूण एक मिमी आत. दोन्ही टाय रॉड सारखे फिरवले, त्यामुळं स्टेरिंग सरळ आहे. मागचा एक्सल बीमचा (दोन्ही चाकांना मिळून एकच आडवी तुळई), त्याला कोन फिरवायचे बोल्ट नाहीत, पातळ शिम घालाव्या लागतात. तिथं कॅम्बर उणे १ अंश २० होता. “त्यो तसाच असूंदे,” म्हणाले, आणि तसाच राहिला.

मी मुळातला संशयी. दुसऱ्या दिवशी गाडी तिसऱ्याच एका ठिकाणी नेऊन, काही न सांगता थ्रीडी मशीनवर नुसतं माप घ्यायला लावलं. डावं उणे १ अंश २ मिनिटं, उजवं उणे शून्य अंश ५७. एकूण टो सात मिनिटं आत. ओळंबा, दोरी आणि काळा पुठ्ठा, पाच मिनिटांच्या आत. मशीनवाल्यानं विचारलं, कुठं केलंय? मी म्हटलं, उद्यमनगरात. तो हसला, “मग विचारायलाच नको.”

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत.

एक दिवस सांगून तीन दिवस लागले. फोन उचलत नाहीत, उचलला तर “हां” म्हणून ठेवतात. पक्कं बिल मिळत नाही, वहीचं पान फाडून देतात. बसायला एक स्टूल आहे आणि त्यावर नेहमी गिअरबॉक्स ठेवलेला असतो. ओळंबा काढताना उजव्या मडगार्डवर नखाएवढा ओरखडा पडला. मी दाखवल्यावर त्यांनी अंगठ्यानं पुसून बघितला आणि विषय संपला. हेडलाइटकडं त्यांनी लक्षच दिलं नाही. पुढची-मागची उंची बदलली की दिव्याचा झोत पण हलतो. पहिल्याच रात्री हायवेला समोरचे सगळे मला डिपर मारत होते, शेवटी घराच्या भिंतीवर खुणा करून मीच दिवे खाली घेतले. आणि सर्वांत मोठी गोष्ट: साधारण तीनशे किलोमीटरवर डावीकडनं टक् टक् आवाज यायला लागला. कॅम्बरचा बोल्ट मूळ बोल्टापेक्षा बारीक असतो, त्याची पकड बसायला वेळ लागतो, आणि तो किंचित सरकला होता. मिस्त्रींनी तीनशेला परत या म्हणून सांगितलं होतं हे खरं, पण पहिल्यांदाच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) लावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्यांदा लावला. माझ्यासमोर स्वतःहून म्हणाले, “चुकलं माझं, हातावर ठेवलं.” बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारून दिली, सरकला तर लगेच दिसेल. पैसे घेतले नाहीत. अजून रेघ जुळून आहे.

खर्च: मजुरी २,८००, कॅम्बर बोल्ट १,६००, बुश ६५०. दोन नवे टायर वेगळे, ते माझ्या करणीचे. पहिल्या दुकानानं उंची आणि बुश नीट केले असते तर हे काहीच लागलं नसतं, पण त्यांना परत जाऊन भांडलो नाही. टाइम कुणाला आहे?

कायद्याचं एक वाक्य सांगून टाकतो, कारण ते कुठलंच दुकान सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२: आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. उंची आरसीवर छापलेली नसते म्हणून पोरं निर्धास्त असतात. मी इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवून ठेवलंय. पुढचं पुढं.

त्यानंतर ४,२०० किलोमीटर झालेत. केर्लीवरनं वाघबीळ आणि पुढं पन्हाळ्याला तीन-चार चकरा, एकदा गगनबावडा, बाकी रोजचं शिरोली. पन्हाळा चढताना पूर्वी वळणात स्टेरिंग दोनदा दुरुस्त करायला लागायचं, आता एकदाच वळवलं की गाडी त्याच रेषेत राहते. कळ्याच्या पुढं उखडलेल्या पट्ट्यात स्टेरिंग वळवळत नाही. सांगली फाट्याला सरळ रस्त्यावर हात सोडून बघितला (सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर, उगाच शिकवणी नको), सरळ गेली. नवे टायर आठ मिलिमीटरचे होते. परवा व्हर्निअर लावला: आतनं ७.१, मधे ७.२, बाहेरनं ७.२. हा आकडा मी कंपनीत सगळ्यांना दाखवलाय.

दिसायला? मडगार्ड आणि टायरमधे आता दोन बोटं जातात. आधी एकही जात नव्हतं. राजारामपुरीच्या काचांत पूर्वीइतकी मजा येत नाही, हे कबूल. पण कळंब्याच्या स्पीडब्रेकरला आई गाडीतच बसून असते. अण्णा गेल्या रविवारी दवाखान्याला नेताना बसले, गुडघा वाकवला, टेकले आणि म्हणाले, “पाटाचा चौरंग केलास व्हय.” बायको अजून रिक्षानंच जाते, पण त्याचं कारण माझं ड्रायव्हिंग आहे असं तिचं म्हणणं.

पाचपैकी साडेतीन तारे, एक पूर्ण तारा फोन न उचलल्याबद्दल कापलाय आणि अर्धा ओरखड्याचा. जाणार असाल तर साडेदहाच्या आधी जाऊ नका, शटर बंद असतं. टायरची हवा आधी भरून घ्या, डिकी रिकामी करा, मूळ उंचीचं माप कुठनं तरी मिळवून जा. कुणाच्या तरी जशाच्या तशा गाडीला टेप लावायला पाच मिनिटं लागतात. दोन दिवस रजा टाका, सांगतील एक. आणि मिस्त्रींच्या हातात ओळंबा असला तर हाक मारू नका, दारात उभे ऱ्हावा. दोरी थांबल्यावर ते आपणहून बघतात.